‘त्याचें’ आणि ‘आपलें’ : इंग्रजी सर्वनामांची एक जुनी कथा

इंग्रजी व्याकरणाचें नांव निघालें म्हणजे पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात. आणि त्यांतहि सर्वनामांचें प्रकरण अगदींच नीरस, असा सार्वत्रिक समज आहे. मीं आयुष्याचीं बरींच वर्षें शाळेंत तें प्रकरण शिकविण्यांत घालविलीं असल्यामुळें या समजाचा मला पुरेपूर अनुभव आहे. परंतु आज नियमांचें पाठांतर करून दाखविण्याचा माझा विचार नाहीं. हे नियम जन्मास कसे आले, त्यांच्या पायीं मोठमोठे ग्रंथकार कसे घोटाळले, आणि या सगळ्या हकीकतींतून आपण मराठी माणसांनीं काय घेण्यासारखें आहे, एवढेंच मला थोडक्यांत सांगावयाचें आहे.

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या वह्यांत तीन चुका हटकून सांपडतात. पहिली, ‘त्या वस्तूचें’ या अर्थीं ‘इट्स’ हा शब्द लिहितांना ‘टी’ आणि ‘एस्’ या अक्षरांच्या मधोमध डोक्यावर स्वल्पविरामासारखें चिन्ह देणें. इंग्रज त्याला अपॉस्ट्रफी म्हणतात. आपण सोयीसाठीं लोपचिन्ह म्हणूं. दुसरी, ‘हिमसेल्फ’ या शब्दाच्या ठिकाणीं ‘हिजसेल्फ’ लिहिणें. आणि तिसरी, ‘माझा एक मित्र’ याचें भाषांतर ‘अ फ्रेंड ऑफ मी’ असें करणें. या तिन्ही चुकांत मुलाचा मंदपणा नसतो, उलट तर्क असतो. मुलगा तर्काच्या वाटेनें जातो. भाषा मात्र इतिहासाच्या वाटेनें आलेली असते. आणि त्या दोन वाटा मध्येंच कोठें तरी फांकतात. त्या कोठें फांकल्या तें पाहूं.

आरंभ एका मराठी वाक्यापासून करतों. ‘रामानें गोविंदाला आपलें पुस्तक दिलें.’ पुस्तक कोणाचें? रामाचें, त्याविषयीं शंकेला जागा नाहीं. आतां ‘आपलें’च्या जागीं ‘त्याचें’ घालून पाहा. ‘रामानें गोविंदाला त्याचें पुस्तक दिलें.’ पुस्तक एकदम रामाच्या हातून निसटलें! तें गोविंदाचें असेल, किंवा पूर्वीं उल्लेख आलेल्या तिसऱ्याच कोणाचें असेल. लॅटिन भाषेंत हाच भेद दोन निराळ्या शब्दांनीं दाखवीत: कर्त्याचें स्वतःचें असेल तर ‘सुउस’, दुसऱ्याचें असेल तर ‘एयुस’. यांतील ‘सुउस’ हा शब्द आणि आपल्या संस्कृतांतील ‘स्व’ हा शब्द एकाच मूळचे आहेत, असें भाषाशास्त्रज्ञ सांगतात.

इंग्रजींत मात्र दोन्ही अर्थांना एकच ‘हिज’. परंतु हें दारिद्र्य जन्मजात नव्हे. हजार बाराशें वर्षांपूर्वींच्या जुन्या इंग्रजींत ‘सिन’ म्हणून एक शब्द होता, आणि त्याचा अर्थ नेमका ‘आपला, स्वतःचा’ असा होता. तोहि ‘स्व’च्याच गोतांतला. त्या वेळींच त्याचा वापर विरळ झाला होता आणि बहुतेक काव्यांपुरताच उरला होता. पुढें तो साफ नाहींसा झाला. डेन्मार्क आणि स्वीडन या देशांच्या भाषांत त्याचा सख्खा भाऊ अजून नित्य व्यवहारांत आहे. इंग्रजांनीं आपल्या घरचा हा शब्द गमावला, आणि ती उणीव भरून काढण्यासाठीं ‘हिज’च्या पुढें ‘ओन’ हा शब्द जोडण्याची सोय त्यांना करावी लागली. ‘ओन’ म्हणजे मूळचें ‘मालकीचें असलेलें’. तें एका क्रियापदाचें धातुसाधित रूप आहे. अर्थ साधतो खरा, पण दर वेळीं जोडून घ्यावा लागतो. आणि न जोडल्यास संदिग्धता राहतेच.

आतां ‘इट्स’कडे वळूं. हा शब्द आज इतका साधा वाटतो कीं तो प्रथमपासून इंग्रजींत असलाच पाहिजे, असें कोणीहि म्हणेल. वस्तुतः इंग्रजीच्या नित्याच्या शब्दांत तो अगदीं तरुण आहे. जुन्या इंग्रजींत आपल्या मराठीप्रमाणें तीन लिंगें होतीं, आणि तीं आपल्यासारखींच शब्दाच्या रूढीवर अवलंबून होतीं, अर्थावर नव्हेत. चंद्र पुल्लिंगी होता, सूर्य स्त्रीलिंगी होता, आणि स्त्री या अर्थाचा एक प्रमुख शब्द चक्क नपुंसकलिंगी होता! आपल्याकडे ‘मूल’ नाहीं का नपुंसकलिंगी? त्या काळीं ‘तो’ या पुल्लिंगी सर्वनामाची षष्ठी ‘हिज’ होती, आणि ‘तें’ या नपुंसकलिंगी सर्वनामाची षष्ठीहि ‘हिज’च होती. मराठींत ‘तो’ आणि ‘तें’ या दोहोंची षष्ठी ‘त्याचा’ अशी एकच होते, तसाच हा प्रकार. त्यांत कोणाला कांहीं विचित्र वाटत नसे.

इ. स. १०६६ मध्यें नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें. त्याच्या थोडें आधीं सुरू झालेली इंग्रजी प्रत्ययांची झीज पुढल्या दोनतीन शतकांत पुरी झाली, आणि तिच्याबरोबर रूढीचीं लिंगेंहि गेलीं. उरला तो केवळ अर्थाचा भेद: पुरुष तो ‘ही’, स्त्री ती ‘शी’, निर्जीव तें ‘इट’. असें झाल्यावर ‘हिज’ हा शब्द दगडाला किंवा झाडाला लावतांना इंग्रज माणसाला अवघडल्यासारखें होऊं लागलें. मग त्यानें नाना पळवाटा काढल्या. कोणी ‘ऑफ इट’ म्हणे, कोणी ‘देअरऑफ’ म्हणे, कोणी नुसतें ‘इट’ हेंच षष्ठीसारखें वापरी. अखेर सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ‘इट’ला नामांचा षष्ठीचा ‘एस्’ चिकटवून ‘इट्स’ हें नवें रूप बोलण्यांतून लेखनांत शिरलें. छापील ग्रंथांत तें प्रथम आढळतें तें इ. स. १५९८ सालीं, जॉन फ्लोरिओ याच्या इटालियन-इंग्रजी कोशांत.

या नव्या पाहुण्याला प्रतिष्ठितांच्या पंगतींत बसावयास बराच काळ लागला. इ. स. १६११ सालीं राजा जेम्स याच्या आज्ञेनें बायबलाचें जें सुप्रसिद्ध भाषांतर निघालें, त्याच्या पहिल्या आवृत्तींत ‘इट्स’ एकदांहि नाहीं. मीठ काय, फळझाड काय, सर्वांना ‘हिज’. आणि लेवीय नांवाच्या पुस्तकांत एके ठिकाणीं नुसतें ‘इट’. आज त्या जागीं जो ‘इट्स’ छापलेला दिसतो तो नंतरच्या मुद्रकांनीं घातलेला आहे. शेक्सपिअरच्या हयातींत छापलेल्या त्याच्या नाटकांत हा शब्द सांपडत नाहीं. त्याच्या मृत्यूनंतर १६२३ मध्यें निघालेल्या मोठ्या संग्रहांत तो जेमतेम दहा ठिकाणीं आहे. मिल्टनच्या सर्व कवितेंत तो तीन वेळां येतो, अधिक नाहीं.

आणि तरीहि, एकदां रुळल्यावर त्यानें आपल्या आधींची आठवण किती झपाट्यानें पुसून टाकली पाहा! बेन जॉन्सन या नाटककाराचें ‘कॅटिलाइन’ नांवाचें नाटक १६११ सालचें, म्हणजे त्या बायबलाच्याच वर्षाचें. त्यांत ‘स्वर्ग’ या अर्थाच्या शब्दाला त्यानें जुन्या रीतीप्रमाणें ‘हिज’ हें सर्वनाम लाविलें. पुढें १६७२ मध्यें ड्रायडन या महाकवीनें मागील पिढीच्या लेखकांचे दोष दाखविणारा एक निबंध लिहिला, आणि त्यांत ही व्याकरणाची चूक म्हणून जॉन्सनच्या पदरीं घातली! केवळ एकसष्ट वर्षांचें अंतर. परंतु तेवढ्यांत आजोबांचें शुद्ध इंग्रजी नातवाला अशुद्ध वाटूं लागलें. ज्याला आपण शुद्धता म्हणतों ती किती वेळां केवळ आपल्या स्मरणशक्तीची मर्यादा असते, याचें याहून बोलकें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

याच लहानशा शब्दाची आणखी एक कथा आहे, आणि ती दुःखाची आहे. ब्रिस्टल शहरांत १७५२ सालीं टॉमस चॅटरटन नांवाचा एक अलौकिक बुद्धीचा मुलगा जन्मला. किशोरवयांतच त्यानें जुन्या वळणाच्या सुंदर कविता रचल्या, आणि त्या पंधराव्या शतकांतील रौली नांवाच्या एका धर्मोपदेशकाच्या असून आपणांस एका प्राचीन चर्चमधील कागदपत्रांत मिळाल्या, अशी बतावणी केली. लंडनमध्यें दैन्यावस्थेंत १७७० सालीं, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षीं, विषानें त्याचा अंत झाला. त्याच्या मागें पंडितांत मोठा वाद माजला: कविता खऱ्या कीं बनावट? पुरावे पुष्कळ पुढें आले. परंतु ट्रेंच या भाषापंडितानें १८५५ सालच्या आपल्या पुस्तकांत दाखवून दिलें कीं, इतक्या खटपटीची गरजच नव्हती. त्या कवितांत एके ठिकाणीं ‘इट्स’ हा शब्द आलेला आहे, आणि पंधराव्या शतकांत तो शब्द जन्मलाच नव्हता! जुने शब्द त्या मुलानें कोशांतून वेंचून आणले. पण हा घरगुती शब्द नवा असेल, अशी शंकाहि त्याला शिवली नाहीं. मोठ्या शब्दांवर आपली नजर असते. लहान शब्द आपल्या नकळत आपलें वय सांगून टाकतात.

आतां लोपचिन्हाचा प्रश्न. नामाला षष्ठी करतांना तें चिन्ह द्यावयाचें, मग सर्वनामाला कां नाहीं? या प्रश्नानें मुलगा गोंधळतो, आणि त्याचा गोंधळ रास्त आहे. उत्तर असें कीं, हें चिन्ह मुळांत मालकीचें नव्हेच. गळलेल्या अक्षराचें आहे. नामाच्या षष्ठीचा जुना प्रत्यय ‘एस्’ हा लिहितांना ‘ई’ आणि ‘एस्’ अशा दोन अक्षरांनीं लिहीत. त्यांतील ‘ई’चा उच्चार गेला, म्हणून तिच्या जागीं चिन्ह आलें. एकवचनीं नामांत हें सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, आणि अनेकवचनीं नामांत अठराव्या शतकांत रूढ झालें.

परंतु हा जुना प्रत्यय लोक विसरले होते. त्यामुळें मध्यंतरीं एक मौजेची समजूत पसरली. ‘राजाचा घोडा’ यांतील ‘एस्’ म्हणजे ‘हिज’ या शब्दाचा संक्षेप, म्हणजेच मूळ रचना ‘राजा त्याचा घोडा’ अशी असली पाहिजे, असें सुशिक्षितहि मानूं लागले आणि तसें लिहूंहि लागले. इंग्लंडच्या चर्चच्या १६६२ सालच्या प्रार्थनाग्रंथांतहि ही रचना आहे. ॲडिसनसारख्या लेखकानें १७११ मध्यें ‘स्पेक्टेटर’ पत्रांत हेंच मत सांगितलें. पुढें १७५५ सालीं आपल्या कोशाबरोबरच्या व्याकरणांत डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन यानें साधा प्रश्न केला: स्त्रीवाचक नामालाहि तोच ‘एस्’ लागतो, तेथें ‘हिज’ कसें बसणार? ‘स्त्री त्याचें सौंदर्य’ असें कोणी म्हणेल काय? या एका प्रश्नासरशी ती समजूत कोलमडली. नुसत्या तर्कानें व्याकरण रचलें म्हणजे काय होतें, याचा हा मासला.

‘इट्स’विषयीं तर खुद्द इंग्रजांचाच निश्चय पुष्कळ दिवस होईना. सतराव्या आणि अठराव्या शतकांत मालकीचा ‘इट्स’ तेहि सर्रास चिन्ह देऊन लिहीत. ‘इट इज’ याचा संक्षेप त्या वेळीं बहुधा ‘टिज’ असा होई, त्यामुळें गल्लत होत नसे. पुढें ‘टिज’ मागें पडून ‘इट इज’चा संक्षेपहि ‘इट्स’ असाच होऊं लागला. उच्चार एक, अर्थ दोन. तेव्हां चिन्ह कोणाकडे ठेवावें? ज्याचें अक्षर खरोखर गळलें आहे त्याच्याकडे. अशी वांटणी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास पक्की झाली. म्हणून मुलांना इतकेंच सांगावें: ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ असें फोडून वाचतां आलें तर चिन्ह द्या, न आलें तर देऊं नका. ‘हिज’, ‘हर्स’, ‘अवर्स’, ‘युवर्स’, ‘देअर्स’ या कोणालाच चिन्ह नाहीं. ‘इट्स’ त्याच कुटुंबांतला. ‘वन’ किंवा ‘समबडी’ यांसारख्या अनिश्चित सर्वनामांना मात्र नामाप्रमाणें चिन्ह लागतें.

‘माय’ आणि ‘माइन’ हे मुळांत दोन शब्द नव्हतच. एकच ‘मिन’. पुढील शब्द व्यंजनानें सुरू झाला कीं त्यांतील ‘न्’ गळे, स्वरानें सुरू झाला कीं टिके. आज ‘अ’ आणि ‘ॲन’ या उपपदांत चालतें तसेंच. पुढें नामाच्या आधीं सर्वत्र ‘माय’ आलें, आणि एकटें उभें राहणारें रूप तेवढें ‘माइन’ उरलें. म्हणून ‘माझा एक मित्र’ याला ‘अ फ्रेंड ऑफ माइन’. ‘हर्स’, ‘अवर्स’, ‘युवर्स’ यांचा ‘एस्’ हा इंग्लंडच्या उत्तर भागांतून आला. दक्षिणेकडले लोक ‘माइन’च्या वजनावर ‘हर्न’, ‘अवर्न’ म्हणत, आणि कांहीं खेड्यांतून तीं रूपें दीर्घकाळ टिकलीं. पत्राच्या शेवटीं इंग्रज ‘युवर्स’ लिहितो आणि आपण ‘आपला’ लिहितों; दोघेहि कागदावर स्वतःला दुसऱ्याच्या मालकीचे करून सहीला मोकळे होतात!

राहिली ‘हिजसेल्फ’ची गोष्ट. ‘सेल्फ’ हें मुळांत विशेषण होतें, आणि सर्वनामावर जोर देण्यासाठीं त्याच्यामागून येई. ‘मला स्वतःला’ या अर्थीं ‘मी सेल्फ’ म्हणत. यांतील ‘मी’ हें इंग्रजी द्वितीयेचें रूप, आपलें प्रथमेचें नव्हे. हळूहळू त्याचा उच्चार ‘माय’च्या जवळ गेला. शिवाय ‘हरसेल्फ’ यांतील ‘हर’ ही द्वितीयाहि असते आणि षष्ठीहि. त्यामुळें ‘सेल्फ’ हें नाम असून त्याच्यामागें षष्ठी हवी, अशी लोकांची समजूत झाली. ‘मायसेल्फ’, ‘युवरसेल्फ’, ‘अवरसेल्व्हज’ हीं रूपें अशीं बनलीं. आणि ‘हिमसेल्फ’, ‘देमसेल्व्हज’ हीं मात्र जुन्या द्वितीयेला चिकटून राहिलीं. अर्धें कुटुंब एका घरांत, अर्धें दुसऱ्या घरांत! जो मुलगा ‘हिजसेल्फ’ लिहितो, तो ही फाळणी मिटवूं पाहत असतो. इंग्लंडांतील आणि अमेरिकेंतील कितीतरी ग्रामीण माणसें हेंच करीत आलीं आहेत. प्रमाण भाषेनें त्यांचें ऐकलें नाहीं, एवढेंच.

या गटांत एक अवशेष जपून ठेवण्यासारखा आहे. ‘दाउ’ म्हणजे ‘तूं’ हें सर्वनाम इंग्रजींतून उठल्यापासून ‘यू’ एकाला कीं अनेकांना, हें शब्दावरून कळत नाहीं. परंतु ‘युवरसेल्फ’ आणि ‘युवरसेल्व्हज’ यांत तो वचनभेद अजून जिवंत आहे. वर्गाला उद्देशून बोलतांना दुसरें, एका विद्यार्थ्याला बोलतांना पहिलें. अलीकडे तर एका व्यक्तीसाठीं, तिचें लिंग न सांगतां, ‘देमसेल्फ’ असें एकवचनी रूपहि पुन्हां लिहिलें जाऊं लागलें आहे. म्हणजे या कुटुंबाचा संसार अजून चालूच आहे.

श्रोतेहो, आतां आपल्या घराकडे वळूं. आपल्या व्याकरणांत ‘आपण’ आणि ‘स्वतः’ यांना आत्मवाचक सर्वनामें म्हणतात. दादोबा पांडुरंगांनीं १८३६ सालीं मराठी भाषेचें व्याकरण प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून हा विचार शाळेंतून चालत आला आहे. आत्मवाचक हें नांव फार यथार्थ आहे, कारण ‘आपण’ हा शब्द ‘आत्मन्’ यापासूनच प्राकृतांतील ‘अप्पण’ या वाटेनें आलेला आहे. आणि ‘स्वतः’ तर सरळ ‘स्व’चाच. जें धन इंग्रजांनीं हजार वर्षांपूर्वीं गमावलें, तें आपल्याजवळ दोन पेट्यांत भरून आहे. मी आपलें काम करतों, तूं आपलें काम कर, तो आपलें काम करील. तिन्ही पुरुषांना एकच शब्द पुरतो. इंग्रजी शिकणाऱ्या मुलानें येथें एवढेंच ध्यानांत ठेवावें कीं, त्या भाषेंत कर्ता बदलला कीं मालकीचें सर्वनामहि बदललें पाहिजे.

परंतु मला आज जी काळजी वाटते ती इंग्रजीची नव्हे. हल्लीं छापील मराठींत, विशेषतः भाषांतरांत आणि बातम्यांत, ‘मंत्र्यांनीं त्यांच्या घरीं पत्रकारांना बोलाविलें’, ‘तिनें तिच्या आईला पत्र लिहिलें’ अशीं वाक्यें पावलोपावलीं भेटतात. घर कोणाचें? आई कोणाची? इंग्रजींत ‘हिज’ आणि ‘हर’ याशिवाय गतीच नाहीं, म्हणून इंग्रज तसें लिहितो. आपल्याला गति असून आपण त्याच्यामागें जातों. बोलण्यांत हा भेद पूर्वींहि कधीं कधीं शिथिल होई, आणि ‘मी माझें काम करतों’ यांत संदिग्धता नसल्यामुळें बिघडतहि नाहीं. परंतु तृतीयपुरुषीं लेखनांत ‘आपलें’ गेलें म्हणजे एक शब्द जात नाहीं. विचारांतली एक रेघ जाते. मृत्युपत्रांत, करारांत, न्यायालयांतील जबानींत ती रेघ मोलाची असते. जुन्या इंग्रजींतील ‘सिन’ हा शब्द कोणी शत्रूनें नेला नाहीं. लोकांनीं तो वापरावयाचा सोडला, इतकेंच झालें. आणि मग ‘ओन’ जोडीत बसावें लागलें.

तेव्हां मुलांच्या इंग्रजी वहींत ‘हिजसेल्फ’ दिसलें तर तें अवश्य दुरुस्त करावें, कारण परीक्षा आणि पत्रव्यवहार आजच्या नियमानें चालतात. पण हंसूं नये, आणि त्या नियमामागची हकीकत त्याला सांगावी. आणि त्याच मुलाची मराठी वही उघडून ‘त्यानें त्याचें दप्तर उचललें’ असें वाक्य दिसलें, तर दप्तर कोणाचें एवढेंच त्याला विचारावें. ‘त्याचें स्वतःचें’ असें उत्तर आलें, कीं ‘मग आपलें म्हण’ असें सांगावें.